न पोचवलेला मिठाचा प्रश्न

आमच्या घरात वडील मुलांशी बोलत नसत. रागाने नव्हे, रीतच तशी होती. आजोबा वडिलांशी बोलले नव्हते, म्हणून वडील आमच्याशी बोलत नव्हते. मुलगा जरा जाणता झाला की त्याच्या आणि बापाच्या मध्ये एक माणूस लागायचा. आई होती तोवर ते काम तिच्याकडे होतं. ती गेली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि धाकटा नऊ वर्षांचा. तिचे दिवस झाल्यावर एका सकाळी वडील माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला विचार, शाळेत कधीपासून जाणार." धाकटा त्यांच्या समोरच बसला होता. त्या दिवसापासून मी निरोप्या झालो. निरोप्याशी बोलावंच लागतं, त्यामुळे वडील माझ्याशी बोलू लागले. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा, ते आता आठवलं की कानशिलं तापतात.

डोंबिवलीला आमच्या दोन खोल्या होत्या, मागे विहीर. रात्री आम्ही तिघं एका ओळीत जेवायला बसायचो आणि आत्या वाढायची. ती वडिलांची विधवा बहीण, आई गेल्यावर घर सांभाळायला आलेली. वडील म्हणायचे, "त्याला म्हणावं, पानात भात टाकू नको." धाकटा हातभर अंतरावर. मी त्याच्याकडे वळून म्हणायचो, "अरे, अण्णा म्हणतात, पानात टाकू नको." तो म्हणायचा, "दादा, अण्णांना सांग, आमटी खारट झालीय."

"मीठ खात्यातल्या माणसाच्या घरची आमटी," आत्या म्हणायची, "ती खारटच व्हायची. आणि तुमचं तार-ऑफिस बंद करा आता, भात निवतोय."

वडील मीठ खात्यात होते. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरं होती, तिथे निघणाऱ्या मिठाची वजनं बघायची आणि लिहून घ्यायची, एवढं त्यांचं काम. पायांना कायम भेगा. उन्हात पांढऱ्या ढिगाऱ्यांकडे बघून बघून डोळे बारीक झालेले.

मी तेव्हा मुंबईला कॉलेजात जात होतो, आर्ट्सला. इतिहास, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, थोडं संस्कृत, थोडं इंग्रजी. सगळं वाचत होतो आणि परीक्षेनंतर सगळं विसरत होतो. माझं तर्कशास्त्राचं पुस्तक धाकटा विहिरीच्या कठड्यावर पालथा पडून वाचायचा. त्याचं वय तेरा. एकदा त्याने मला विचारलं, "दादा, सगळी माणसं मरतात, अमका माणूस आहे, म्हणून अमका मरेल, असं दिलंय. पण सगळी माणसं मरतात हे आधीच माहीत असेल तर त्यात तो अमका आलाच की. मग नवीन काय कळलं?"

मी म्हणालो, "पुस्तकात आहे तसं वाच. फाटे फोडू नको."

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न मी वर्गात उभा राहून विचारला. प्रोफेसर थांबले. चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "हे तुम्हांला सुचलं?" म्हणाले. मी "हो" म्हणालो. चार वर्षांत त्या कॉलेजात माझी एवढी एकच स्तुती झाली, आणि ती तेरा वर्षांच्या मुलाची होती. घरी आल्यावर धाकट्याने विचारलं, "विचारलंस का कुणाला?" मी सांगितलं, विसरलो.

पुढे मी बी.ए. झालो, कसाबसा. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत नकला करायला लागलो. जमिनीचे जुने कागद समोर ठेवायचे आणि सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहायचे. शेजारचे एक गृहस्थ रेल्वेत फोरमन होते. ते ओट्यावरून मला हटकायचे, "काय बी.ए.साहेब, आज किती पानं? चार विषय शिकलात, पण नळ गळायला लागला तर चारांतला एकही उपयोगाचा नाही." मी हसायचो. पण ते म्हणत होते तेच सगळे म्हणत होते. देश नुकताच स्वतंत्र झालेला. धरणं बांधायची होती, कल्याण-अंबरनाथच्या बाजूला कारखाने उभे राहत होते. एक गोष्ट धरा, ती पक्की शिका, असं जो तो सांगायचा. मलाही ते पटलं होतं. सगळ्यातलं थोडं थोडं शिकलेल्या माणसाचं काय होतं, ते मी रोज सकाळी आरशात बघत होतो.

धाकटा शाळेची शेवटची परीक्षा पास झाला, शाळेत पहिला. त्या रविवारी तो मला खाडीवर घेऊन गेला. कोपरच्या बाजूला तेव्हा सगळी शेतं होती आणि पलीकडे खाडी. बांधावर बसून तो म्हणाला, "दादा, अण्णांना सांग, मला आर्ट्सला जायचंय."

"माझ्याकडे बघूनसुद्धा?"

तो हसला. "तुझ्याकडे बघूनच. तुझी पुस्तकं मीच तर वाचली." मग गंभीर झाला. "त्यांना नुसतं आर्ट्स सांगू नको. कारण सांग. त्यांना म्हणावं, तुम्ही जन्मभर मीठ मोजलंत. खाऱ्या पाण्यातून मीठ कसं निघतं, ते सायन्स सांगेल. त्यावर कर कोणी बसवला, ते इतिहास सांगेल. कर उठल्यावर मिठागरावर राबणाऱ्या माणसाला काय मिळालं, ते अर्थशास्त्र सांगेल. पण मिठासाठी लोक तुरुंगात जात होते तेव्हा तुम्ही सरकारसाठी त्याच मिठाचं वजन करत होतात. ते बरोबर की चूक? आणि तुम्हांला तेव्हा काय वाटलं? हे मला कुठल्या एका शास्त्रात मिळणार? मला हे सगळं एका जागी ठेवून बघायचंय."

मी हबकलो. असा प्रश्न बापाला विचारायचा असतो, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं. त्याहून जास्त हबकलो ते यामुळे, की चार वर्षं मी हेच विषय शिकलो होतो आणि रोज रात्री त्याच माणसाशेजारी जेवत होतो. मला मीठ दिसलंच नव्हतं.

"सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत मी कचेरीतून निघून मिठागरावर गेलो. धाकट्याचा कॉलेजचा फॉर्म खिशात होता. वडील एका ढिगाऱ्याच्या सावलीला बसले होते. मला बघून उठले नाहीत. बाजूला सरकून जागा करून दिली.

"काय म्हणतो तो?"

वाटेत मी काय ठरवलं होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तोंड उघडलं आणि आलं ते असं: "सायन्स म्हणतो."

वडील माझ्याकडे बघत राहिले. "आर्ट्स नाही म्हणाला?"

त्यांना आर्ट्स कसं सुचलं, हे मी विचारलं नाही. "नाही," मी म्हणालो. "सायन्सच."

"मास्तर तर म्हणत होते..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. हातातला मिठाचा खडा बोटांनी चुरला. "बरं. त्याची इच्छा." आणि मी बोट ठेवलं तिथे त्यांनी मोडीत सही केली. फॉर्ममधली आर्ट्स की सायन्स लिहायची जागा मी आदल्या रात्री भरून ठेवली नव्हती. त्यांची सही वाळल्यावर भरली, तिथेच गुडघ्यावर ठेवून.

संध्याकाळी धाकटा स्टेशनवर येऊन थांबला होता. माझ्या चेहऱ्याकडे बघूनच त्याला कळलं असावं.

"अण्णा म्हणाले, सायन्स. नाहीतर नोकरी बघ म्हणाले."

"मिठाचं सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

इथे मी थांबू शकलो असतो. काम झालं होतं. पुढचं काही बोलायची गरज नव्हती. तरी मी बोललो, आणि बोलताना माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"हसले."

घरी येईपर्यंत तो माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. त्या रात्री जेवताना वडील म्हणाले, "त्याला म्हणावं, अभ्यास नीट कर." मी त्याला तसं सांगितलं. त्याने मान हलवली. पूर्वी तो वडिलांकडे बघून मान हलवायचा. त्या रात्री पानाकडे बघून हलवली.

तो सायन्सला गेला आणि चांगला शिकला. ते मला नाकारता येत नाही. पहिल्या वर्षी बोटांवर काळे डाग घेऊन यायचा. आत्या चिंचेने घासायची, तरी जायचे नाहीत. "कसलं रे हे शिक्षण, हात धुऊन जात नाही?" ती म्हणायची. रसायन घेऊन बी.एस्सी. झाला, दुसरा वर्ग. लगेच अंबरनाथकडच्या एका रंगाच्या कारखान्यात लागला, माझ्या दीडपट पगारावर. फोरमनसाहेबांनी ओट्यावरून त्याची पाठ थोपटली. मला वाटलं, मी केलं ते ठीकच झालं. कितीतरी दिवस असं वाटत राहिलं.

कारखान्यात त्याच्याकडे एकच काम होतं. एक निळा रंग होता, त्याची छटा प्रत्येक घाण्याला तीच येते की नाही ते तपासायचं. सकाळी निळा, संध्याकाळी निळा. नखं निळी झाली. एकदा मी विचारलं, "काम कसं आहे?" तो म्हणाला, "या निळ्याबद्दल मला सगळं माहीत आहे दादा. जगात फार थोड्यांना असेल एवढं." त्यात तक्रार नव्हती. पण पुस्तक घेऊन विहिरीच्या कठड्यावर पडलेला तो मला पुन्हा दिसला नाही.

मग वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. त्या काळी ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी असायची. डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवायचे, आणि कितीतरी दिवस उताणं पडून राहायचं. हलायचं नाही, खोकायचं नाही. दुपारच्या सुटीत मी कचेरीतून त्यांना पेज घेऊन जायचो. त्या दिवशी मला उशीर होणार होता, म्हणून धाकट्याने रजा घेतली आणि तो त्यांच्यापाशी जाऊन बसला. डबा माझ्याकडे होता. मी पोचलो तेव्हा वॉर्डात शांत होतं. खाटेच्या पायथ्याशी गेलो तर वडील बोलत होते.

आम्हा भावांचा आवाज सारखा. आत्यासुद्धा फसायची. आणि ती वेळ माझी होती. वडिलांना वाटत होतं, शेजारी मी बसलोय.

"एक विचारायचं राहून गेलंय," ते म्हणत होते. "पडून पडून तेच डोक्यात येतं. त्याला विचार, तेव्हा सायन्स का घेतलंस? मास्तरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. म्हणाले, याला आर्ट्सला घाला. हा एका कप्प्यात बसणारा मुलगा नाही, याला चार दिशांनी बघू द्या. मी हो म्हणून आलो होतो. मग तू येऊन म्हणालास, त्याला सायन्सच हवंय. मला वाटलं, असेल. आपल्याला काय कळतं. पण मनातून जात नाही. विचार त्याला."

धाकट्याने मान वर केली. मी समोर, हातात डबा. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोसलं असतं. तिथे राग नव्हता. एखाद्या माणसाच्या पायाखाली रोजच्या जिन्याची पायरी अचानक नसावी, तसा तो माझ्याकडे बघत होता. माझी बोटं डब्याच्या कडीवर होती ती तशीच राहिली. पेज गरम होती आणि हाताला चटका बसत होता, हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

"ऐकतोयस ना?" वडील म्हणाले.

"हो," धाकटा म्हणाला.

"तुला तेव्हा काही म्हणाला होता का तो?"

धाकट्याने माझ्यावरची नजर काढली नाही. "म्हणाला होता," तो हळू म्हणाला. "कारखान्यात नोकरी लवकर लागेल, घराला हातभार होईल, म्हणून."

वडिलांनी चाचपत पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "म्हणजे आमच्यासाठीच घेतलं त्याने."

"हो."

"बरं."

माझा भाऊ मी होऊन खोटं बोलला होता. मला वाचवायला की वडिलांना, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मी पुढे झालो, डबा स्टुलावर ठेवला आणि काही न बोलता पेज वाटीत काढली. ती त्यानेच भरवली.

बाहेर पडून आम्ही टेंभी नाक्यावरून तलावाच्या काठापर्यंत चालत गेलो. कचेरीत परत जायचं होतं, पण मी गेलो नाही. काठावर एक टांगेवाला घोड्याला धूत होता. धाकटा तिकडे बघत म्हणाला, "अण्णा हसले होते?"

"नाही."

"मिठाचं सांगितलंसच नाहीस."

"नाही."

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "सात वर्षं दादा, मी त्यांच्याकडे बघितलं की मला ते हसणं दिसायचं."

मी देशाचं बोललो, कारखान्यांचं बोललो, माझ्या बी.ए.चं काय झालं ते बोललो. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"हे फोरमनसाहेबांचं झालं," तो म्हणाला. "सायन्स वाईट नव्हतं रे. मला दोन्ही सांगून, विचारून दिलं असतं, तर कदाचित मी तेच घेतलंही असतं. तो प्रश्नच नाही. तू का केलंस?"

मी घोड्याकडे बघत राहिलो. त्याने थोडा वेळ वाट बघितली, मग उठून स्टेशनकडे गेला. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज माझं वय वडिलांच्या त्या वेळच्या वयाला टेकत आलंय, म्हणून लिहितो. मला भीती वाटली होती. नोकरीची नव्हे. मी चार वर्षं त्याच विषयांत बसलो आणि रिकामा उठलो, तिथून हा भरून उठेल, ही भीती. मग सगळ्यांना कळलं असतं की दोष विषयांत नव्हता, माझ्यात होता. त्याने सायन्स घेतलं म्हणजे आर्ट्सच पोकळ आहे असं मला जन्मभर म्हणता येणार होतं, आणि मी ते म्हणत आलो. कचेरीतल्या कितीतरी लोकांच्या मुलांचे फॉर्म मी भरले. सगळ्यांना एकच सांगितलं, एक गोष्ट धरा. ते त्यांच्यासाठी बरोबर होतं की नव्हतं, हे मी एकालाही विचारलं नाही.

वडील घरी आले. डोळ्यांवरची पट्टी गेली होती, जाड भिंगांचा चष्मा यायचा होता, तोवर त्यांना माणसांच्या सावल्या दिसत. पहिल्याच संध्याकाळी धाकटा त्यांच्या खाटेजवळ पाट घेऊन बसला.

"अण्णा, मी आहे. धाकटा. माझ्याशीच बोला."

वडिलांनी सवयीने माझ्या दिशेला तोंड वळवलं. मी दारात होतो. मग ते हळूहळू परत त्याच्याकडे वळले. आतून आत्याचा आवाज आला, "मोडलं बाई एकदाचं तार-ऑफिस."

त्याने त्यांना मिठाचा प्रश्न विचारला. सगळा, बांधावर मला सांगितला होता तसाच, शब्दही फारसे न बदलता. मी भिंतीला टेकलो. मला वाटलं, आता वडील उठून बसतील, ओरडतील. ते हसलेही नाहीत. म्हणाले, "त्या वर्षी सत्याग्रही मिठागरावर आले, तेव्हा मी काटा सोडून पाणी प्यायला गेलो होतो. तहान नव्हती. परत आलो तेव्हा त्यांना घेऊन गेले होते. मग मी वजनं केली." पुढे म्हणाले, "हे कुणी विचारलं नाही मला कधी."

ते त्या रात्री बोलतच राहिले. माझा बाप एवढं बोलू शकतो, हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही दाराआडून.

पुढे रोजचंच झालं. धाकटा कारखान्यातून यायचा, निळे हात धुवायचा आणि त्यांना वाचून दाखवायचा. चष्मा आल्यावरही दाखवायचा. माझी जुनी पुस्तकं त्याने ट्रंकेतून काढली होती. इतिहास, अर्थशास्त्र, ते तर्कशास्त्रसुद्धा. अध्येमध्ये थांबून दोघं वाद घालायचे. वडिलांचं शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं. पण मुद्दा पटला नाही तर "हे पुन्हा वाच" म्हणायचे. दोन वर्षं, वडील जाईपर्यंत, तो वर्ग आमच्या पुढच्या खोलीत चालला. मी मागच्या खोलीत कचेरीतून आणलेल्या नकला करत बसायचो आणि ऐकायचो.

त्यांना काही कळलं होतं का, हे मला माहीत नाही. धाकट्याने सांगितलं नाही, एवढं नक्की. पण एका संध्याकाळी मी दाराशी घुटमळत होतो. वाचन थांबलं. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, चांगलं चष्म्यातून, आणि धाकट्याला म्हणाले, "त्याला म्हणावं, बाहेर का उभा आहे. आत येऊन बस म्हणावं."

मी दोन पावलांवर होतो.

धाकटा वळून म्हणाला, "दादा, अण्णा म्हणतात, आत येऊन बस."

"विहिरीवर जाऊन येतो," मी म्हणालो आणि कळशी उचलली. मोरीतली दोन्ही पिंपं काठोकाठ भरलेली होती. आत्याने माझ्याकडे बघितलं आणि वाट सोडली. मी रहाटाशी जाऊन उभा राहिलो, पण कळशी विहिरीत सोडली नाही. खिडकी उघडी होती. आतलं ऐकू येत होतं.

"गेला?"

"हो. पाणी आणायला."

"बरं. त्याची इच्छा," वडील म्हणाले. "तू वाच."